भरवशाच्या कुळातला

'कॉन्फेडरेट' कधी एकटा भेटत नाही. राजा एकटा असू शकतो, साधू एकटा असू शकतो, चोरसुद्धा एकटा असू शकतो. कॉन्फेडरेट व्हायला मात्र दुसरा माणूस लागतो. त्याची ओळखच मुळी 'अमक्याचा कॉन्फेडरेट' अशी करून दिली जाते. इंग्रजीत दोस्तासाठी 'अलाय' आहे आणि गुन्ह्यात सामील असलेल्यासाठी 'अकॉम्प्लिस' आहे. हे दोघे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. कॉन्फेडरेटचं तसं नाही. राजेरजवाड्यांच्या तहनाम्यात तो मानानं बसतो आणि फौजदारी खटल्याच्या कागदांत मान खाली घालून उभा असतो. आपल्याकडच्या 'साथीदारा'चंही थोडंफार असंच आहे. लढ्यातला साथीदार म्हटलं की आदर वाटतो, फरार साथीदार म्हटलं की पोलीस आठवतात.

मला या शब्दाबद्दल फार आस्था आहे. काही माणसांनी एकमेकांना शब्द दिला आहे, एवढंच तो सांगतो. तो शब्द कशासाठी दिला, कुणाविरुद्ध दिला आणि पुढे पाळला का, याबद्दल तो काही बोलत नाही. ते सगळं माणसं करतात आणि त्याचा डाग किंवा मान त्याच्या अंगावर येतो.

त्याचं कूळ मोठं आहे. लॅटिनमध्ये 'फीडस' म्हणजे तह, आणि 'फिडेस' म्हणजे भरवसा. भाषातज्ज्ञ दोन्ही एकाच मुळातून आलेले मानतात. 'कॉन' म्हणजे एकत्र. 'फेडरल', 'फेडरेशन' हे त्याचे भाऊबंद. तह ही रोमन लोकांच्या लेखी साधी गोष्ट नव्हती. फेटियल नावाचे पुरोहित त्यासाठी नेमलेले असत. इतिहासकार लिव्हीनं त्या विधीचं वर्णन करून ठेवलं आहे. तहाची कलमं मोठ्यानं वाचली जात, मग पुरोहित ज्युपिटरला साक्षी ठेवून सांगे, की रोमनं आधी कपटानं हा तह मोडला, तर आज मी या डुकराला मारतो आहे तसं तू रोमला मार. आणि गारगोटीच्या दगडानं तो डुकराचा बळी देई. शाप स्वतःच्याच शहराला घातलेला असे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भरवसा द्यायचा तर तो मोडल्याची शिक्षा आधी स्वतःला सांगून ठेवायची, अशी ती रीत होती.

पुढे साम्राज्य थकलं तेव्हा रोमनं सीमेवरच्या टोळ्यांशी करार केले. त्यांनी सैनिक द्यायचे, बदल्यात रोमनं जमीन, धान्य, पैसा द्यायचा. या करारबद्ध लोकांना 'फेडेराटी' म्हणत. इसवी सन ३८२ मध्ये सम्राट थिओडोसियसनं गॉथ लोकांशी असा तह केला. ३९४ मध्ये फ्रिगिडस नदीकाठच्या लढाईत हेच गॉथ थिओडोसियससाठी लढले आणि आघाडीवर राहून मोठ्या संख्येनं मेले. त्यांच्यातला एक नायक होता अलारिक. आपल्या माणसांना जमीन, धान्य आणि आपल्याला मानाचं पद मिळावं म्हणून तो पुढची कित्येक वर्षं रोमन दरबाराशी बोलणी करत राहिला. बोलणी फिसकटत गेली, आणि ४१० मध्ये त्यानं रोम शहरात शिरून ते लुटलं. दोस्त आणि वैरी हे दोन्ही चेहरे या शब्दाला इंग्रजीनं चिकटवलेले नाहीत, ते त्याला पिढीजात मिळाले आहेत.

इंग्रजीत तो आला चौदाव्या शतकाच्या अखेरीस, आणि कायद्याची मंडळी त्याला लगेच ओळखू लागली. दोघातिघांनी मिळून तिसऱ्याचं नुकसान करण्याचा बेत केला, तर त्या संगनमताला जुना इंग्रजी कायदा 'कॉन्फेडरसी' म्हणे. १६११ हे साल त्याच्या आयुष्यात विशेष आहे. त्या वर्षी राजा जेम्सच्या आज्ञेनं तयार झालेलं इंग्रजी बायबल छापून आलं. त्यातल्या उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाला साथ देणारे मम्रे, अश्कोल आणि आनेर हे तिघे भाऊ त्याचे कॉन्फेडरेट आहेत. पुतण्या लोट याला शत्रूनं धरून नेलं, तेव्हा त्याला सोडवायला अब्राहामाबरोबर जाणारे ते शेजारी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या राजदरबारात शेक्सपिअरचं 'द टेम्पेस्ट' झालं. त्यात प्रॉस्पेरोला आपल्या खुनाचा कट एकदम आठवतो, आणि कॅलिबनच्या साथीदारांसाठी त्याच्या तोंडी हाच शब्द येतो. एका शहरात, एका वर्षात, धर्मग्रंथात तो धावून येणारा शेजारी होता आणि रंगमंचावर खुनाच्या कटातला भागीदार. ऐकणाऱ्यांपैकी कुणाचा घोटाळा झाला नसणार. कोण बोलतंय, हे त्यांना समोर दिसत होतं.

जादूगार आणि जुगारी यांच्यातही तो रमला. आपल्याकडे मदाऱ्याचा जमुरा सगळ्यांसमोर असतो. कॉन्फेडरेट प्रेक्षकांत बसलेला असतो, तिकीट काढून आल्यासारखा. जादूगार 'कुणीही एकानं वर या' म्हणतो, तेव्हा उठून येणारा तोच. रस्त्यावर तीन पत्ते मांडून बसलेल्या लबाडाच्या खेळात पहिला डाव जिंकून आजूबाजूच्यांना भुलवणाराही तोच. न्यूयॉर्कमध्ये १८४९ साली विल्यम थॉम्प्सन नावाचा एक सभ्य वेशातला माणूस पकडला गेला. तो रस्त्यात अनोळखी माणसाशी गप्पा मारी आणि शेवटी विचारी, की तुमचं घड्याळ उद्यापर्यंत माझ्याकडे ठेवण्याइतका माझ्यावर विश्वास आहे का? लोक घड्याळ काढून देत. त्याच्या प्रकरणातून 'कॉन्फिडन्स मॅन' हा शब्द रूढ झाला, आणि तोही 'फिडेस'च्याच वंशातला. ठकाला आणि त्याच्या लपलेल्या साथीदाराला, दोघांनाही भरवशाच्याच घराण्यातली नावं मिळाली. भरवसा असल्याशिवाय फसवणूक करताच येत नाही, म्हणून हे असं झालं असावं.

विसाव्या शतकात त्याला प्रयोगशाळेत नोकरी मिळाली, आणि माझ्या मते त्याचा स्वभाव तिथे सर्वांत स्पष्ट दिसला. सॉलोमन ॲश हे मानसशास्त्रज्ञ अमेरिकेत स्वॉर्थमोर कॉलेजात होते. १९५० च्या सुमारास त्यांनी एक साधा प्रयोग मांडला. एका खोलीत सात-आठ तरुण विद्यार्थी बसवायचे. एका पुठ्ठ्यावर एक रेघ, दुसऱ्यावर लहानमोठ्या तीन रेघा. तिघींपैकी कोणती पहिलीइतकी आहे, ते एकेकानं मोठ्यानं सांगायचं. उत्तर लहान मूलही देईल इतकं उघड. पण त्या खोलीत खरा पाहुणा एकच, बाकी सगळे ॲशचे कॉन्फेडरेट. अठरा फेऱ्यांपैकी बारा फेऱ्यांत ते ठरल्याप्रमाणे एकमुखानं चुकीचं उत्तर देत. पाहुण्याची पाळी शेवटी किंवा शेवटच्या आधी येई. त्या बारा फेऱ्यांत पाहुण्यांच्या उत्तरांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक उत्तरं गटाच्या मागे गेली. सुमारे पाव माणसं मात्र एकदाही ढळली नाहीत.

हा भाग सगळीकडे सांगितला जातो. पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. ॲशनं त्या कॉन्फेडरेटांपैकी एकाला सांगितलं, तू खरं उत्तर देत जा. बाकी सगळे चुकीचं म्हणत होते, फक्त हा एक बरोबर म्हणत होता. तेवढ्यानं पाहुण्यांच्या चुका पाव हिश्शावर आल्या. मग आणखी एक बदल केला. हा सोबती पहिल्या काही फेऱ्या खरं बोले आणि अचानक बहुमताला जाऊन मिळे. तो गेला, की पाहुण्याच्या चुका पुन्हा उसळून वर येत.

दहा वर्षांनी, १९६१ मध्ये, येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांचे प्रयोग सुरू झाले. तिथे कॉन्फेडरेट दुसऱ्या खोलीत खुर्चीला बांधलेला असे आणि चुकीच्या उत्तराबद्दल विजेचे झटके बसल्यासारखा ओरडे. झटके खोटे होते, पण बटण दाबणाऱ्या सामान्य नागरिकाला ते ठाऊक नव्हतं. गाजलेल्या प्रयोगात चाळीसपैकी सव्वीस जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. या प्रयोगांतला एक प्रकार फार कमी लोकांना माहीत असतो. त्यात बटणाशी एकाऐवजी तिघे बसवले. दोघे कॉन्फेडरेट, एक खरा पाहुणा. ठरल्याप्रमाणे ते दोघे एकापाठोपाठ उठले आणि आम्ही पुढे जाणार नाही म्हणाले. तेव्हा चाळीसपैकी फक्त चार जण शेवटपर्यंत गेले. माणसांना फसवून केलेल्या या प्रयोगांच्या नैतिकतेवर जी टीका झाली ती रास्तच होती. तरी त्या दोन पगारी सोबत्यांचं उठणं मला विसरता येत नाही. शेजारच्यानं आधी नकार दिला, म्हणून छत्तीस माणसांना नकार देता आला.

अमेरिकेशी या शब्दाचं नातं सर्वांत लांब आणि सर्वांत दुःखाचं आहे. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या तेरा वसाहतींच्या मध्यवर्ती सभेनं नोव्हेंबर १७७७ मध्ये कॉन्फेडरेशनची कलमं मंजूर केली. १७८१ मध्ये ती अमलात आली. तो तेरा राज्यांचा मैत्रीचा करार होता. मध्यवर्ती सभेला कर बसवण्याचा अधिकार नव्हता, आणि कलम बदलायचं तर तेराच्या तेरा राज्यांची संमती हवी. आयात मालावर थोडा कर बसवण्याचा प्रस्ताव आला तर एकट्या ऱ्होड आयलंडनं तो अडवला. स्वातंत्र्ययुद्ध लढलेल्या सैनिकांचे पगार थकले. शेवटी १७८७ मध्ये नवी राज्यघटना लिहिली गेली, आणि तिच्या पहिल्याच अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात स्पष्ट बंदी आली, की कोणतंही राज्य परस्पर तह, युती किंवा कॉन्फेडरेशन करणार नाही. ज्या नावानं देश जन्मला, त्याच नावावर देशानं बंदी घातली.

फेब्रुवारी १८६१ मध्ये दक्षिणेकडच्या गुलामगिरीच्या राज्यांनी अलाबामातल्या माँटगोमेरीत जमून तेच नाव उचललं: कॉन्फेडरेट स्टेट्स ऑफ अमेरिका. आधी सात राज्यं, मग अकरा. नाव घेताना पूर्वजांची पुण्याई घेतल्याचा त्यांचा आव होता. आम्ही राज्यांच्या हक्कांसाठी एकत्र आलो, असं पुढे त्यांच्या वारसांनी शंभर वर्षं सांगितलं. पण शब्द कशासाठी दिला होता, ते त्यांनीच लिहून ठेवलं आहे. त्यांच्या घटनेत गुलामांवरच्या मालकीहक्काला धक्का लावणारा कायदा करायला मनाई होती. उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्ये सव्हाना इथल्या भाषणात सांगितलं, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या राज्याची कोनशिला आहे. त्या अकरा राज्यांत सुमारे पस्तीस लाख माणसं गुलाम होती. करारात त्यांना कुणी विचारलं नव्हतं. करार त्यांच्याविरुद्धच होता.

यातून उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटलं, आणि त्याची झळ आणि लयलूट दोन्ही मुंबईपर्यंत आली. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं कोंडली. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत रोज नवी कंपनी, नवी बँक, समुद्र बुजवण्याची नवी योजना निघत होती, आणि शेअरबाजारावर प्रेमचंद रायचंद यांचं राज्य होतं. राजाबाई टॉवर उभा राहिला तो याच तेजीच्या काळात त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून. एप्रिल १८६५ मध्ये कॉन्फेडरेट सेनापती रॉबर्ट ली शरण आला, कापूस कोसळला, आणि जुलैत सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा मुंबईतली घराणीच्या घराणी बुडाली. आपल्या शहराच्या भरभराटीत त्या युद्धाचा वाटा आहे, ही गोष्ट मुंबईच्या शाळांत शिकवली जायला हवी.

अमेरिकेत आजही 'कॉन्फेडरेट' म्हटलं की पुतळा नाही तर निशाण आठवतं. मिसिसिपी राज्यानं आपल्या झेंड्यातलं कॉन्फेडरेट चिन्ह २०२० मध्ये काढलं. रिचमंडमधला लीचा भव्य पुतळा सप्टेंबर २०२१ मध्ये उतरवला. सरहद्द ओलांडून कॅनडात गेलं, की हाच शब्द सणाचे कपडे घालून भेटतो. १ जुलै १८६७ ला झालेल्या एकीकरणाला तिथे 'कॉन्फेडरेशन' म्हणतात आणि त्या पिढीच्या नेत्यांना त्याचे जनक. न्यूफाउंडलंड बेटानं कॅनडात सामील व्हावं म्हणून झटणारे १९४८ मध्ये स्वतःला अभिमानानं कॉन्फेडरेट म्हणवून घेत. आणि स्वित्झर्लंडच्या गाड्यांवरची 'सीएच' ही अक्षरं त्या देशाच्या लॅटिन नावाची आहेत, त्यातही हा आहेच.

आता आपल्या घरची गोष्ट. इंग्रजी इतिहासात पेशवाईच्या उत्तरकाळाला 'मराठा कॉन्फेडरसी' म्हणतात. पुण्याचे पेशवे, ग्वाल्हेरचे शिंदे, इंदूरचे होळकर, बडोद्याचे गायकवाड, नागपूरचे भोसले. मराठीत आपण 'मराठामंडळ' म्हणतो. एकमेकांना शब्द देऊन माणसं एकत्र येण्याचे दोन्ही प्रकार याच मंडळानं वर्षभराच्या आत पाहिले. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याला ठार केलं. त्या कटात रघुनाथराव सामील होता. १७७४ मध्ये सखाराम बापू, नाना फडणीस, हरिपंत फडके वगैरे मंडळी त्याच्याविरुद्ध एक झाली. त्यालाच आपण बारभाईंचं कारस्थान म्हणतो. गारद्यांबरोबरचे आणि बारभाईंतले, दोन्ही गट इंग्रजीत कॉन्फेडरेटच. एकांनी कोवळ्या वयाचा पेशवा मारला, दुसऱ्यांनी त्याच्या मरणानंतर जन्मलेल्या मुलासाठी राज्य सांभाळलं.

नानांनी १७८० मध्ये हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना जोडून ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध एकजूट केली. मग १७९० मध्ये वारं फिरलं. टिपूविरुद्ध कंपनी, निजाम आणि पेशवे एक झाले. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणापुढे कंपनीचा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस याच्या छावणीलगत हरिपंत फडक्यांची छावणी पडली, तेव्हा इंग्रजांच्या लिखाणात या फौजा 'कॉन्फेडरेट' होत्या. म्हणजे आपली माणसं इंग्रजांचे करारबद्ध मित्र होती. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाविरुद्ध सगळे सरदार एका झेंड्याखाली लढले. तसे ते पुन्हा कधी जमले नाहीत.

ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरानं पुण्यालगत शिंदे आणि पेशवे यांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळून गेला आणि ३१ डिसेंबरला वसईला त्यानं कंपनीशी तह केला. तैनाती फौज पदरात घेतली. आता तो कंपनीचा 'अलाय' झाला. तो तह नाकारून शिंदे आणि भोसले उभे राहिले. कंपनीचा कारभार आणि फौज सांभाळणाऱ्या वेलस्ली बंधूंच्या १८०३ च्या पत्रव्यवहारात याच दोघांना 'कॉन्फेडरेट' म्हटलं आहे, आणि इथे त्या शब्दाचा अर्थ शत्रू असा आहे. असई, अडगाव इथे लढाया आणि मग तह: भोसल्यांचा देवगावला, शिंद्यांचा सुर्जी अंजनगावला. होळकर त्या वर्षी बाजूला राहिला आणि पुढच्या वर्षी एकटा लढला. अकरा वर्षांत तेच मराठे त्याच शब्दानं आधी सोबती ठरले आणि नंतर शत्रू. मराठ्यांचा स्वभाव काही अकरा वर्षांत बदललेला नव्हता. बदलली होती कंपनीची गरज.

१३ जून १८१७ ला पुण्यात झालेल्या तहात इंग्रजांनी बाजीरावाकडून एक कलम लिहून घेतलं, की मराठा कॉन्फेडरसी नावानं आणि प्रत्यक्षात विसर्जित झाली, आणि इतर मराठा सत्तांशी आपला काही संबंध उरला नाही. एका राज्यकर्त्याला आपल्याच माणसांशी असलेलं नातं कागदावर पुसायला लावणारं हे कलम वाचताना आजही संताप येतो. पाच महिन्यांत, ५ नोव्हेंबरला, बाजीरावाच्या फौजा खडकीला लढल्या. नोव्हेंबरच्या अखेरीस आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजा सीताबर्डीला लढल्या, डिसेंबरमध्ये होळकरांच्या महिदपूरला. विसर्जित झालेलं मंडळ तीन ठिकाणी लढत होतं. मात्र ज्या दिवशी खडकीची लढाई झाली, त्याच दिवशी ग्वाल्हेरला दौलतराव शिंद्यांनी कंपनीच्या तहावर सही केली होती, आणि गायकवाड कंपनीच्या बाजूला होते. जून १८१८ मध्ये बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला.

इंग्रजी पुस्तकात 'मराठा कॉन्फेडरसी' किंवा 'मराठा कॉन्फेडरेट्स' वाचाल, तेव्हा आधी त्या ओळीची तारीख पाहा, आणि लिहिणारा त्या दिवशी कोणत्या छावणीत बसला होता, ते शोधा.